कोणत्या शब्दावरून?

१९९३ च्या जूनमध्ये शिंगाडे बाईंकडे दहावी ‘ब’चा मराठीचा तास आला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वर्गाला सांगून टाकलं, “यापुढं कवितेवरच्या उत्तरात ‘सुंदर’ हा शब्द कुणी लिहायचा नाही. ‘मनोहारी’ नाही, ‘हृदयस्पर्शी’ नाही, आणि ‘अप्रतिम’ तर मुळीच नाही.”

वर्ग गार पडला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “मग लिवायचं काय?”

“तेच शिकवणार आहे मी,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या या हुकमाला कारण होतं. शाळा उघडल्या-उघडल्या त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या एका कवितेचं रसग्रहण लिहून घेतलं होतं आणि सेहेचाळीस वह्यांचा गठ्ठा रिक्षात घालून घरी नेला होता. कविता एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. तिच्यात झाड नव्हतं, पान नव्हतं, साधी चिमणीसुद्धा नव्हती. पण पहिल्या वहीत लिहिलेलं, ‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे.’ दुसऱ्या वहीतही तेच. तिसऱ्या वहीत ‘मनोहारी’ची वेलांटी चुकली होती, एवढाच फरक. एक्केचाळीस वह्यांत शिंप्याच्या कवितेतून डोंगर, झरे आणि पाखरं निघाली. बाई चक्रावल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या, पोरं वापरतात ते गाईड मागून घेतलं आणि उभ्या-उभ्या पान उलटलं. छापणाऱ्यानं दोन कवितांच्या उत्तरांची अदलाबदल केली होती. एक्केचाळीस जणांनी ती चूक तोंडपाठ केली होती आणि एकालाही कविता आणि उत्तर एकमेकांशेजारी ठेवून बघावंसं वाटलं नव्हतं.

बाई दुकानातच इतक्या मोठ्यानं हसल्या की दुकानदारानं मान वर केली.

त्या चिडल्या नाहीत. चिडणं त्यांच्या स्वभावात फारसं नव्हतंच. मंजुळा शिंगाडे पाचोडच्या पलीकडच्या एका गावातल्या मेंढपाळाची लेक. बाप मुंजाबा आणि आई राजाबाई वर्षाचे आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ, आणि ही आत्याकडं राहून शाळेत. पुढं शिष्यवृत्ती, वसतिगृह, बी.ए., बी.एड. ज्या विद्यापीठाच्या नावावरून सोळा वर्षं सगळा मराठवाडा भांडत होता, त्याच विद्यापीठाची पदवी. तिथवर आपण कशा पोचलो हे ठाऊक असल्यामुळं पोरांना काही येणार नाही यावर त्यांचा विश्वास बसत नसे. येईल, फक्त वेळ लागेल, असं त्या म्हणत, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरत असे.

शाळा औरंगपुऱ्यात, एका बोळाच्या तोंडाशी. पोरं मात्र सगळीकडची. वाळूजला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, आणि गावाकडची माणसं शेत वाट्यानं लावून शहरात खोली करून राहत होती. त्यांची लेकरं या शाळेत येत. कुणाचा बाप पहिल्या पाळीला, कुणाचा तिसऱ्या. कुणाची आई खोकी भरायच्या कामाला.

जुलैमध्ये एके दिवशी बाईंनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

शंभर मेंढरांना बाई, शंभर नावं दिली
माझ्या नावाची हाक, माहेरी राहून गेली.
गावाच्या शिवंवर, ‘ए’ म्हणती जो तो मला
काळी माझी भिंगरी, नावानं येती हाकंला.

“बाई, हे गाईडात नाय,” बद्रीनाथ म्हणाला. हा उंच, दांडगा मुलगा. त्याचे वडील पुंजाराम पाचोडकडचे शेतकरी, आता वाळूजच्या एका कंपनीत.

“नाही ना? मग आपलीच मजा. मी तीन गोष्टी विचारणार. तुम्हाला यात काय दिसलं? कोणत्या शब्दावरून दिसलं? आणि तो शब्द काढून दुसरा घातला तर काय जाईल?”

पहिले चार दिवस काहीच हाती लागलं नाही. एकजण म्हणाला, यात स्त्रीच्या दुःखाचं चित्रण आहे. “कोणत्या शब्दावरून?” त्याला शब्द सापडेना. दुसरी म्हणाली, प्राण्यांवरचं प्रेम. “कोणत्या शब्दावरून?” ती म्हणाली, भिंगरी. “भिंगरी काढू आणि ‘मेंढी’ घालू. काय गेलं?” ती विचारात पडली. मग म्हणाली, “मेंढी कुणाचीपण असती बाई. भिंगरी हिचीच हाये.”

“हे लिही,” बाई म्हणाल्या. “अगदी असंच लिही.”

तिथून गाडी चालू झाली. ‘राहून गेली’ या दोन शब्दांवर अख्खा तास गेला. ‘ठेवून आले’ का नाही म्हटलं? ‘हरवली’ का नाही? पुढच्या बाकावरच्या उत्पला हिवराळेनं हात वर केला. बारीक चणीची, कमी बोलणारी मुलगी. तिची आई आशाबाई रेल्वे स्टेशनाकडच्या एका गोदामात खोकी भरायची.

“बाई, आपण घाईत घर सोडतो तेव्हा वस्तू राहून जाते,” ती म्हणाली. “कुणी मुद्दाम करत नाही. आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लग्न करून पाठवताना तिची सगळी भांडी मोजून दिली असतील. नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही.”

बाईंनी फळ्यावरच्या ‘राहून गेली’खाली रेघ ओढली. त्यांनी खडू खाली ठेवला. 

“पण बाई, ती रडत नाय,” बद्रीनाथ उभा राहून म्हणाला. “हिला वाटतं ती तक्रार करती. मला वाटतं ती टेंभा मिरवती. शंभर नावं तिला तोंडपाठ हायेत, अन् सगळ्या गावाला तिचं एक नाव ध्यानात ठेवता येत नाय. मग येडं कोण?”

“कोणत्या शब्दावरून?” बाईंच्या आधी उत्पलानंच विचारलं, आणि वर्ग हसला.

“‘शंभर’वरून! दोनदा म्हणती ती शंभर. रडणारा माणूस मोजत बसतो व्हय?”

“बसतो,” उत्पला म्हणाली. “आमच्या घरी बसतात.”

पुढचे दोन आठवडे दहावी ‘ब’मध्ये दोन पक्ष होते, तक्रारवाले आणि टेंभेवाले. सुट्टीत पाण्याच्या टाकीशी भांडणं व्हायची ती यावरून. शेवटी बाईंनी दोघांनाही दीड-दीड पान लिहायला लावलं, आणि ते तीन-तीन वेळा परत केलं. बद्रीनाथच्या कागदावर लाल शाईत होतं: ‘आवाज कमी, पुरावा जास्त.’ उत्पलाच्या कागदावर: ‘तुला जे माहीत आहे ते ओळीत कुठे आहे ते दाखव. नाहीतर ते तुझं, कवितेचं नाही.’

घरी बाईंनी हा सगळा प्रकार आईला सांगितला, कारण ओव्या राजाबाईंच्याच होत्या. म्हातारी वर्षभरापासून लेकीकडं राहायला आली होती आणि गॅलरीत बसून खालच्या बकऱ्यांना नावं द्यायचा तिचा उद्योग चालू असे.

“तक्रार होती का गं आई ती? का मिरवणं?”

“कशाची तक्रार?” राजाबाई म्हणाली. “तू निजत नव्हतीस म्हणून म्हणलं. रातभर नाचवलंस मला. तोंडाला यील ते म्हणत गेले.”

बाई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी हे जसंच्या तसं वर्गाला सांगितलं. गाणं कुणाचं ते कळल्यावर वर्गात कुजबूज झाली, मग बद्रीनाथनं विचारलं, “म्हणजे आमचं दोघांचंबी चुकलं?”

“अजिबात नाही. तिनं पोर निजवायला गायलं. पण शब्द तिच्या तोंडातून सुटले की ते तिचे एकटीचे राहिले नाहीत. आता जबाब शब्दांकडून घ्यायचा. आणि तुम्ही दोघांनीही तो नीट घेतलाय.”

डिसेंबरमध्ये बाईंनी ते दोन्ही लेख व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर शेजारी-शेजारी लावले, वर ओव्या आणि खाली दोघांची नावं. आणि तिथंच घोटाळा झाला.

तेव्हा शहरात विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरा विषय नव्हता. सरकार आता निर्णय घेणार असं रोज कानावर यायचं. भिंतीवर एका बाजूचं लिहिलेलं असायचं, दुसऱ्या दिवशी त्यावर चुना आणि चुन्यावर दुसऱ्या बाजूचं. कंपनीच्या बसमध्ये माणसं आपल्या-आपल्यातलं बघून बसत. आणि अशा वेळी एका शाळेच्या व्हरांड्यात ‘नाव’ या विषयावर दोन लेख, एक नामांतर मागणाऱ्या वस्तीतल्या हिवराळेच्या पोरीचा आणि एक पुंजाराम पाटलाच्या पोराचा. कुणीतरी पुंजारामच्या कानात सांगितलं की बाई पोरांना नामांतर शिकवायला लागल्यात आणि तुमच्या पोराचं नाव भिंतीवर लावलंय.

पुंजाराम दुसऱ्या पाळीला जाता-जाता, कंपनीच्या खाकी कपड्यातच शाळेत आला. सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत. टाकळकर सर भले होते, पण जरा कुठं आवाज चढला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, ते कागद तेवढे काढून घ्या,” ते म्हणाले. “दिवस बरे नाहीत. परीक्षा होईपर्यंत पुस्तकातलंच घ्या. गाईड आहे, सोपं आहे.”

“काढते सर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण भाऊंनी एकदा वाचावं. वाचून म्हणाले काढा, तर मी स्वतः काढीन.”

“मला काय वाचायचंय?” पुंजाराम म्हणाला. “माझा पोरगा तिथं कामून? हे सगळं कशासाठी चाललंय ते आमाला कळतं बाई. खुळे नाही आमी.”

“खुळं कोण म्हणतंय? तुम्ही पाचोडकडचे ना? मीपण तिकडचीच. चला, दोन मिनिटांचं काम आहे.”

गावाचं नाव निघाल्यावर माणसाला नाही म्हणता आलं नाही. तो व्हरांड्यात आला. चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळं ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. ओव्या वाचल्या. पोराचा लेख वाचला. मध्येच थांबून एकदा पोराच्या अक्षराला नावं ठेवली. मग उत्पलाचा वाचला, सावकाश, आणि एका ठिकाणी मागं जाऊन परत वाचला.

“गाणं कुणाचं?”

“माझ्या आईचं. चाळीस वर्षांपूर्वीचं.”

“धनगराच्या तुम्ही?”

“हो.”

पुंजारामनं कागदावरचं बोट उचललं. “आमच्या रानातबी मेंढरं बसायची. खतासाठी. माझा बाप बोलवायचा, सुगी झाली की. बायका असायच्या संगं.” तो घुटमळला. मग एकदम म्हणाला, “पण ह्या दोघांनीबी एक गोष्ट चुकीची लिवलीय. ‘ए’ म्हणणं म्हणजे काय शिवी नाय. आमी बायकोलाबी ‘ए’च म्हणतो. तिला कुठं राग येतो?”

“तिला विचारलंय का?”

 टाकळकर सर दारात उभे होते, त्यांना खोकला आला.

“भाऊ, तुमचं म्हणणं चांगलंय,” बाई म्हणाल्या. “‘ए’ हा शब्द घरात वेगळा आणि शिवेवर वेगळा, का सारखाच? हे पोरांच्या ध्यानात आलं नाही. लिहून द्या. मी तिसरा कागद लावते.”

“मी? मी काय लिवणार?”

“बोलला ते. तुम्ही सांगा, बद्रीनाथ लिहील.”

तो निघाला, जाताना एवढंच म्हणाला, “नामांतराचं माझं मत हाये तेच हाये, सांगून ठिवतो.” बाई म्हणाल्या, “मी विचारलंच नाही भाऊ.” आठवड्यानं बद्रीनाथनं एक कागद आणला. सात ओळी. शेवटची होती, ‘मंडळीला विचारले. ती म्हणाली, राग येतो पण सांगून काय उपयोग.’ बाईंनी तो कागद मधोमध लावला. टाकळकर सरांनी तो वाचला आणि काढायचं नाव पुन्हा काढलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी निर्णय जाहीर झाला. शहरात ठिकठिकाणी पोलिस, शहागंजात दुकानांची शटरं खाली, शाळा बंद. कुणी गुलाल उधळत होतं, कुणी काळी फीत लावून फिरत होतं. शहरापेक्षा गावांकडून येणाऱ्या बातम्या वाईट होत्या. बाईंच्या कानावर तुकड्या-तुकड्यानं आलं की उत्पलाच्या मामाच्या घरावर दगड पडले, मामा डोकं फुटून दवाखान्यात आहे. आणि बद्रीनाथच्या चुलतभावाला पोलिसांनी उचलून नेलंय, घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणं त्यानं काही केलेलं नसताना.

शाळा उघडली त्या सकाळी बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. एरवी दहावी ‘ब’मध्ये मुली एका बाजूला आणि मुलं दुसऱ्या बाजूला बसत. आज त्या दोनाचे चार झाले होते. मुलींमध्येही मधला एक बाक मोकळा, मुलांमध्येही. कुणी कुणाला उठवलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. आपोआप झालं होतं. उत्पला भिंतीकडं तोंड करून बसली होती. बद्रीनाथची नजर डेस्कावर. सात-आठ जण आलेच नव्हते.

चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असं एक क्षण बाईंच्या मनात आलं. पण गेल्या आठ दिवसांत या पोरांनी उपदेश ढीगभर ऐकला असणार, दोन्हीकडून. आपल्याला जे येतं ते करावं. त्यांनी हजेरी घेतली, फळा पुसला आणि अपठित उतारा म्हणून सुट्टीत टिपून ठेवलेला मजकूर लिहायला सुरुवात केली.

‘एका बाईनं विहिरीवरून घागर भरून आणली. दारात आली. तिनं घागर ओतून दिली. आणि ती परत विहिरीकडं निघाली.’

“तिनं घागर का ओतली?” खाली प्रश्न लिहिला आणि खडू फळ्यावरून उचलता-उचलता त्यांच्या लक्षात आलं की आपण काय लिहून बसलोय. घरी टिपताना त्यांच्या मनात एक वेगळंच, साधं काहीतरी होतं. पण आज, या वर्गात, विहीर आणि ओतलेलं पाणी म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट येणार. पाठीमागं चिडीचूप झालं होतं. पुसावं का? डस्टर हाताशीच होतं.

त्यांनी पुसलं नाही. मागं वळल्या आणि म्हणाल्या, “सांगा.”

  बद्रीनाथ उभा राहिला. त्याच्या बाजूचा एकजण त्याला शर्टाला धरून खाली ओढत होता.

“बाई, कुणीतरी शिवलं आसंल घागरीला,” तो म्हणाला.  “‘दारात’ लिवलंय. विहिरीवर नाय ओतली, वाटंत नाय ओतली. दारात माणूस भेटतं. आमच्या गावात माझ्या आज्जीनं ओतलीय अशी. मी बघितलंय.”

 त्याच्या बाकावरच्या पोरानं शर्ट सोडून दिला.

“ ‘दारात’वरून,” बाई म्हणाल्या. “चांगला शब्द पकडलास. अजून कुणी?”

उत्पलानं हात वर न करताच बोलायला सुरुवात केली, फळ्याकडं बघत.

“मला नाही तसं वाटत. शिवलेलं असतं तर ती ओरडली असती. घागर घासली असती. राखेनं. इथं घासणं नाही, ओरडणं नाही. नुसतं ‘ओतून दिली’. आणि ‘निघाली’.” ती जरा थांबली. “बाई, मला वाटतं तिला घरात जायचंच नव्हतं. दारापर्यंत आली, आतलं काहीतरी ऐकलं, आणि पाणी आणायचं निमित्त काढून परत गेली. प्रत्येक बाई जाते कधीतरी.”

“असं कसं?” बद्रीनाथ म्हणाला. “तू... तू तरी असं कसं म्हणती?”

“मी तरी म्हणजे?” उत्पला वळली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. “मला एकच गोष्ट दिसली पाहिजे का सगळीकडं? मी शब्द वाचले.”

त्यानं फळ्यावरचा उतारा पुन्हा वाचला.  “पण ‘दारात’चं काय?”

“‘दारात’ माझ्याही बाजूचंच आहे. दारातच आतलं ऐकू येतं.”

कुणीतरी हसलं. हसू फार नव्हतं, पण आवाज सुटला. एक मुलगी म्हणाली, पाण्यात काहीतरी पडलं असेल. एकजण म्हणाला, ती बाई विसराळू असेल. “कोणत्या शब्दावरून?” असं चार बाजूंनी एकदम आलं आणि तो बिचारा खाली बसला. पाच मिनिटांत फळ्यावर सहा कारणं झाली. बाई बघत होत्या. कोण कुठल्या कारणाच्या बाजूनं बोलतोय याचा आणि कोण कुठं बसलाय याचा आता काहीच मेळ राहिला नव्हता.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आता लिहायचं. पण आज एकट्यानं नाही. प्रत्येकानं उठायचं, आपल्याशी ज्याचं पटत नाही असं एक माणूस शोधायचं, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. आधी त्याची बाजू लिहायची. अशी लिहायची की तो वाचून म्हणेल, हो, हेच मला म्हणायचं होतं. तो तसं म्हणेपर्यंत आपली बाजू लिहायला घ्यायची नाही.”

“मुलामुलींनीबी?” एकीनं विचारलं.

“विहिरीवर गेलेल्या बाईचं प्रकरण आहे. मुलींना जास्त कळेल. उठा.”

बाक सरकले, दप्तरं पडली, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला. सगळेच उठले असं नाही. खिडकीशी बसलेला एक मुलगा जागचा हलला नाही, बाईंनी त्याला तसाच राहू दिला. एकट्यानं लिही म्हणाल्या. दोन मुली एकमेकींशेजारी बसल्या पण मध्ये दप्तर ठेवून. बाकी वर्ग मात्र असा काही ढवळला गेला की मोकळा बाक कुठं होता ते शोधूनही सापडलं नसतं. बद्रीनाथ पुढच्या बाकाच्या कडेला येऊन अवघडून बसला. उत्पलानं पेनाचं टोपण काढलं.

“मामा कसा हाये?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“टाके पडलेत. अकरा.” ती कागदावर समास आखत होती. “तुझा भाऊ?”

“अजून नाय सोडला.”

यापुढं ते दोघं त्याविषयी बोलले नाहीत. ती म्हणाली, “आज्जीनं ओतली तेव्हा तू कुठं होतास? नीट सांग. मला लिहायचंय.” आणि तो सांगायला लागला. बाई तिथून पुढच्या बाकाकडं सरकल्या.

तास संपला, मधली सुट्टी झाली, शिपाई घंटेची दोरी सोडून दारात येऊन बघून गेला. वीस-पंचवीस जण अजून लिहीतच होते. बद्रीनाथनं दोनदा कागद उत्पलापुढं सरकवला आणि दोनदा तिनं मान हलवून परत दिला. “तिनं आतलं काय ऐकलं, ते मी सांगितलंच नव्हतं. तू भांडण घातलंस मधे. भांडण कुठंय?” तिसऱ्यांदा तिनं वाचलं आणि म्हणाली, “हां. हे माझं.” मग त्यानं नवा कागद घेतला आणि आपली बाजू लिहायला बसला.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मराठीत शाळेत पहिला आला तो दुसऱ्या तुकडीतला, गाईड मुखोद्गत असलेला मुलगा. टाकळकर सरांनी त्याचा सत्कार केला, आणि बाईंनी त्याला मनापासून शाबासकी दिली. उत्पलाला त्र्याहत्तर पडले, बद्रीनाथला बासष्ट. तपासणाऱ्यानं मुद्द्यांच्या यादीत नसलेलं लिहिल्याबद्दल कापले असतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी त्याचं दुःख करून घेतलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर बाई कागदांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या, डबा उघडायचा राहिला, आणि त्या उभ्यानंच वाचू लागल्या. एकोणचाळीस कागद. घागर एकोणचाळीस तऱ्हांनी ओतली गेली होती. काहींची वाक्यं लंगडत होती, ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुराडा होता, एकानं तर विहिरीला ‘विहीरिला’ करून ठेवलं होतं. खिडकीशेजारच्या त्या एकट्या मुलानं तीनच ओळी लिहिल्या होत्या, पण त्याही त्याच्या स्वतःच्या. बाईंनी खुर्ची ओढली, लाल पेन काढलं आणि पहिल्या कागदावरची वेलांटी दुरुस्त करायला घेतली.